गावच्या हायस्कूलचा निकाल ९५ टक्के लागला. मुलीला तिथेच ठेवू का?

तिफण
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव, तालुक्यापासून बऱ्यापैकी आत. गावात सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पुढे आठवी ते दहावी एका संस्थेचं अनुदानित हायस्कूल. माझी मुलगी आठवी झाली. जूनअखेर शाळा उघडायच्या आत ठरवायचं आहे की गावातच ठेवायची का तालुक्याला टाकायची.

यंदा, म्हणजे २०२५ला, आमच्या हायस्कूलचा दहावीचा निकाल ९५ टक्के लागला. २० बसले, १९ पास. राज्याचा निकाल ९४.१०. म्हणजे आमची शाळा राज्याच्या पुढे. बसस्टँडवर फ्लेक्स लागला. पोरांचे फोटो पाहून मला खरंच बरं वाटलं, त्यातली कितीतरी आमच्या वावरात कापूस वेचायला येऊन गेलेली आहेत.

पण मी शाळेच्या समितीत पालक म्हणून आहे. हीच बॅच आठवीत होती तेव्हा हजेरीवर ३४ नावं होती. बेंच कमी पडले होते म्हणून आकडा लक्षात आहे. ३४ची २० कशी झाली? आणि शाळा चांगली की नाही हे आईबापानं कशावरून ओळखायचं? शिक्षक मंडळींनी जरूर लिहा.

पैनगंगा
पास झालेल्यांचं अभिनंदन!
एका वर्षाच्या टक्क्यावर जाऊ नका. २०च्या वर्गात एक पोरगं म्हणजे ५ टक्के. पुढच्या वर्षी तीन अडकली तर ८५ होईल आणि लोक म्हणतील शाळा बिघडली. निदान पाच वर्षांचे बसलेले आणि पास झालेले एकत्र मांडा.
दुसरं, राज्याचा निकालही परीक्षा कशी घेतली यावर हलतो. २०१८ला ८९.४१ होता, २०१९ला एकदम ७७.१०. मुलं एका वर्षात तेवढी कच्ची झाली नव्हती. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले होते. नागपूर विभाग ६७.२७ वर आला, राज्यात सगळ्यात खाली. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला.

रानमेवा
२०२१ राहिलं की. परीक्षाच नाही झाली, निकाल ९९.९५. आमच्या पुतणीच्या वेळी अख्ख्या गावात पेढे कमी पडले होते :)

बावनथडी
मी भंडारा जिल्ह्यात हायस्कूलला गणित शिकवते. पैनगंगांचा मुद्दा पुढे नेते. विषयात ३५ला पास. २० गुण शाळेचे, ८० लेखी. शाळेनं २० पैकी २० दिले तर पोराला लेखीत १५ पुरतात. म्हणून तिफणभाऊ, शाळेत गेलात की टक्केवारीपेक्षा पोरांचे विषयवार गुण मागा आणि त्यातून शाळेनं दिलेले गुण वजा करा. लेखीत गणिताला किती, इंग्रजीला किती, तेवढं बघा. बहुतेक पोरं १५ ते २५मध्ये लटकत असतील तर ती पास आहेत, पण अकरावी सायन्सला गेली की पहिल्या चाचणीत आपटतात आणि दिवाळीपर्यंत कॉलेज सोडतात. हे मी दरवर्षी बघते.

आता ३४ची २० कशी झाली याबद्दल. आठवी आणि नववीच्या मध्ये काय होतं ते गावात कोणी मोजत नाही. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते, पुस्तकं फुकट असतात, गणवेश मिळतो. शिक्षण हक्क कायदाही ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा. नववीच्या पहिल्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं. तेच पोरगं, तीच शाळा, त्याच आवारात खालच्या वर्गातली जेवतात आणि हे डबा नसेल तर उपाशी. भाताच्या रोवणीच्या दिवसांत ज्याची आई पहाटेच बांधीत गेली त्याच्याकडे डबा नसतोच. दुपारनंतर माझा गणिताचा तास असला की पुढचे चेहरे बघून मला कळतं कोण जेवलंय आणि कोण नाही.

म्हणून मला विचाराल तर शाळेची खरी परीक्षा दहावीत होत नाही, नववीत होते. आठवीतली किती नववी पार करतात ते विचारा.

अपडाऊन
मी निवृत्त मुख्याध्यापक. बावनथडी मॅडम म्हणतात ते बरोबर आहे, पण शाळेची बाजूही ऐका.
लहान शाळेचं सगळं गणित पटावर चालतं. ३० सप्टेंबरला जेवढी पोरं हजेरीवर, आणि त्यातही ज्यांचं आधार जुळलं, तेवढ्यावर संच मान्यता, म्हणजे शिक्षकांची किती पदं ते ठरतं. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. पद गेलं की विज्ञानाचाच माणूस गणित शिकवतो, मराठीचा इतिहास शिकवतो. मग पालक म्हणतात शिकवणं बरोबर नाही आणि अजून दोन पोरं तालुक्याला जातात. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयानं तर कमी पटाच्या वर्गांवर गदाच आली. आमचे शिक्षक मे महिन्यात उन्हाचे गावोगाव फिरून पोरं मागायचे. कोणी स्वतःच्या पगारातून ऑटो लावून दिला, कोणी सायकली घेऊन दिल्या.

आणि आज त्या शाळेत कोण शिकतं तेही बघा. मी नोकरीला लागलो तेव्हा पाटलाचं, मास्तराचं, दुकानदाराचं आणि सालदाराचं पोरगं एकाच बाकावर असायचं. आता सकाळी कॉन्व्हेंटची पिवळी गाडी गावात येते आणि ज्याला फी परवडते त्याचं पोरगं घेऊन जाते. शाळेत उरतात कोलाम आदिवासींच्या पोडावरची, तांड्यावरची, बौद्ध वस्तीतली आणि दोन-तीन एकरवाल्यांची लेकरं. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीला बसतंय अशी. तेव्हाचा ६० टक्के आणि आताचा ९५ टक्के हे दोन वेगळ्या वर्गांचे निकाल आहेत. त्यांची तुलना करून जुने मास्तर चांगले की नवे असा वाद घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पळसफूल
अपडाऊन सर, आदर ठेवून विरोध करते. ती पिवळी गाडी आमच्याही दारात येते. मी अंगणवाडीत काम करते, नवरा ट्रॅक्टर चालवतो. आम्ही काही पाटील नाही. पोटाला चिमटा काढून मुलाला कॉन्व्हेंटला टाकलं, कारण गावच्या शाळेत दोन वर्षं इंग्रजीला माणूसच नव्हता. माझ्या पोरानं तिथं थांबून शाळेचा पट सांभाळायचा का? त्याची नववी एकदाच येणार आहे. तिफणदादा, मुलगी हुशार असेल तर खुशाल न्या. गावाचं भलं करायची जबाबदारी तेरा वर्षांच्या पोरीवर टाकू नका.

अपडाऊन
ताई, तुमच्यावर बोट नाही. इंग्रजीला दोन वर्षं माणूस नसेल तर मीसुद्धा माझं लेकरू नेलं असतं.

बंडी
मी सोता दहावी नापास गड्यातला. आमच्या टायमाले नववीत सरांनी बापाले बलावून सांगतलं का पोट्टा गणितात कच्चा हाये, याले दाखला देतो, १७ नंबरचा फॉर्म, म्हंजे भायेरून परीक्षा द्याचा, भरून द्या. बापाले वाटलं सर चांगल्यासाठीच सांगतेत. दाखला घेतला, अन् दुसऱ्या दिवसापासून शाळेचं तोंड नाही पाह्यलं. १७ नंबर भरला, पन शिकोनार कोन? वावरातून येऊन रात्री एकटाच पुस्तक उघडून बसो. तीन विषय गेले. शाळेचा निकाल मात्र त्या साली १०० टक्के. पेपरात फोटो आल्ता.
तिफणभाऊ, तुमच्या चौदातल्या किती पोट्ट्यायनं १७ नंबर भरला ते पह्यले इचारा.

बावनथडी
बंडीभाऊ, तुम्ही हे लिहिलंत म्हणून आभार. जे शाळेत कधी गेलेच नाहीत किंवा ज्यांना मधेच कामावर जावं लागलं, त्यांच्यासाठी १७ नंबर ही फार चांगली सोय आहे. वर्गात बसलेल्या पोराला निकाल वाचवायला तिकडे ढकलणं हे पाप आहे, मी स्टाफरूममध्येही असंच बोलते.

सातपुडा
मी काही वर्षं मेळघाटात कामाला होतो. तिकडचा एक मुद्दा सांगतो. कोरकू माणसाचा सगळ्यात मोठा सण होळी. पाच दिवस घरोघर फगवा मागणं, नाच, पाहुणे. आणि दहावीचा पेपर असतो मार्चमध्येच. बाहेरगावी विटभट्टीवर गेलेले आईबाप होळीसाठी परत येतात, वर्षात तेवढेच दिवस घर भरलेलं असतं. आणि मग कामासाठी पुन्हा निघताना लहान भावंडांना सांभाळायला मोठ्या बहिणीला बरोबर नेतात. पोरगी अभ्यासात कच्ची नसते, ती पेपरच्या दिवशी शंभर किलोमीटरवर असते. तिथल्या एका शाळेनं होळीनंतर पोरांना वसतिगृहात झोपायला बोलावलं, शिक्षकही तिथेच राहिले. त्या वर्षी एकही पेपर चुकला नाही.

झाडीचा पोर
आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि नाटकं. रात्रभर नाटक, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला अर्धा वर्ग डुलत असतो. सरसुद्धा :)
पण खरं नुकसान रोवणीचं. जुलैत महिनाभर हजेरी पडते आणि तेव्हाच बीजगणिताचे पहिले धडे होऊन जातात.

पैनगंगा
वऱ्हाडात तेच कापसाचं. दसऱ्यापासून वेचणी सुरू, सीतादहीच्या पूजेपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घरातला प्रत्येक हात लागतो. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणून पोरगंही कमावतं. सहामाही परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते.

रानमेवा
विषय थोडा बाजूला नेतो. दाखल-खारीज रजिस्टर पाहिलंय का कोणी? जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद शोधायला आम्ही शाळेत गेलो होतो. अनुसूचित जातीला १९५० आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ आधीचा, ओबीसींना १९६७ आधीचा. आणि तो बहुतेक या जुन्या रजिस्टरातच सापडतो. कपड्यात गुंडाळून ठेवलेलं जाड पुस्तक. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. पानामागून पान वाचत गेलो: सतत गैरहजर, घरकाम, सतत गैरहजर, लग्न, सतत गैरहजर. माझ्या आत्याच्या नावापुढे घरकाम होतं, वय दहा. गावाचा सगळा इतिहास त्या रकान्यात आहे. तिफणभाऊ, तुमच्या चौदा पोरांपुढे त्या रकान्यात काय लिहिलंय ते नक्की बघा.

पळसफूल
रानमेवा, अंगावर काटा आला.

निळाई
तिफणकाका, एक व्यवहाराची गोष्ट. मुलीनं आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा दिली होती का? निवड झाली असेल तर वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पण ती शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच मिळते. विनाअनुदानित कॉन्व्हेंटला नाव घातलं की गेली. माझ्या मैत्रिणीचं असंच झालं, कोणी सांगितलंच नाही.
आणि तालुक्याला पाठवायची असेल तर आधी बसची वेळ बघा. एसटीत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे. तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींची निळी बसही असते. मी त्याच बसनं दहावी-बारावी केली. बस वेळेवर होती म्हणून घरच्यांनी शिकू दिलं, माझ्या बॅचच्या वेळी पलीकडच्या गावात बस जात नव्हती, तिथली एकही मुलगी बारावीला पोचली नाही.

तिफण
सगळ्यांचे आभार. हो निळाई, मुलगी एनएमएमएसच्या यादीत आहे. अनुदानित शाळेची अट मला माहीत नव्हती.

बंडीभाऊ आणि रानमेवा यांच्या सांगण्यावरून मुख्याध्यापकांकडे गेलो, रजिस्टर मागितलं. त्यांनी कुरकुर न करता दाखवलं. मग घरोघरी विचारून आलो. आठवीतल्या ३४ पैकी १४ जणांचं असं झालं:

चार जण तालुक्याच्या शाळांत गेले, चौघंही तिथे दहावी झाले. एक कोलाम मुलगा आश्रमशाळेत गेला, तोही पास. दोघांना १७ नंबर भरायला लावला. एक पास झाला, दुसऱ्यानं पेपरच दिला नाही. तीन मुली घरी आहेत. एकीची आई आजारी, एकीला दूरच्या वस्तीवरून पायी यावं लागायचं म्हणून बापानं थांबवलं, आणि एकीचं लग्न लावून दिलं. चार मुलं कामाला: दोघं जेसीबीवर हेल्पर, एक हैदराबादला, एक बापाच्या जागी सालदार.

रजिस्टरात सात जणांच्या नावापुढे सतत गैरहजर लिहिलंय.

पैनगंगा
तिफणभाऊ, हे जे केलंत ते जिल्ह्याच्या कोणत्याही अहवालात नसेल. हिशोब मांडतो. ३४ पैकी १९ धरले तर ५६ टक्के. पण जे दुसऱ्या शाळेत गेले ते गळाले असं म्हणता येत नाही, ते पाच वजा करा. उरले २९. त्यात शाळेतून पास १९ आणि १७ नंबरचा एक, म्हणजे २०. साधारण ६९ टक्के. शंभरातली एकतीस पोरं दहावीपर्यंत पोचलीच नाहीत किंवा पार झाली नाहीत. फ्लेक्सवर ९५ आहे तो खोटा नाही, फक्त त्यात ही पोरं नाहीत.

अपडाऊन
पैनगंगा यांचा हिशोब शाळेवरही न्याय करणारा आहे. आणि मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडून दाखवलं, ही मोठी गोष्ट आहे. अशा माणसाबरोबर काम करता येतं. समितीत ठराव करा: आठवीत दाखल झालेल्या प्रत्येक पोराचं दहावीपर्यंत काय झालं ते दरवर्षी १५ ऑगस्टला गावासमोर वाचायचं, आणि कोणालाही १७ नंबर सुचवायचा तर समितीला विचारून.

बावनथडी
तीन मुलींबद्दल. जिचं लग्न लावलं ती अठराच्या आतली असणार. हा गुन्हा आहे, आणि पुन्हा गावात असं होताना दिसलं तर १०९८ वर फोन करा, नाव सांगायची गरज नाही. बाकी दोघींना अजून परत आणता येतं. पायी येणाऱ्या मुलीसाठी मानव विकासमधून सायकल मिळू शकते, मुख्याध्यापकांनी यादीत नाव घालायचं असतं. जेसीबीवरच्या मुलांना शाळेत परत यायचं नसेल तर आयटीआयचं विचारा, आठवी पास किंवा दहावी नापास मुलांना चालणारे वायरमन, वेल्डर असे काही ट्रेड आहेत.
आणि तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल: गणित आणि इंग्रजीला शिक्षक आहेत का? तेवढं एक सांगा, मग मी मत देते.

तिफण
इंग्रजीला आहेत, चांगले आहेत, गावातच राहतात. गणिताचं पद रिक्त आहे. विज्ञानाच्या मॅडम सांभाळतात.

पळसफूल
मग मी अजूनही म्हणते, न्या. शिष्यवृत्ती जाऊ नये म्हणून तालुक्याची अनुदानित शाळा बघा, कॉन्व्हेंट नको.

बावनथडी
मी म्हणते ठेवा, पण एका अटीवर. गणिताची जागा भरेपर्यंत संध्याकाळचा वर्ग लावा आणि तो फक्त तुमच्या मुलीसाठी नको. आठवड्यातून दोनदा मी फोनवरून शिकवीन. शाळेत मोठा पडदा किंवा टीव्ही असेल तर अख्खी नववी बसू शकते. मला पैसे नकोत, पोरं जेवून आलेली हवीत.

तिफण
मॅडम, काय बोलू. शाळेत टीव्ही आहे, नेट माझ्या मोबाईलवरून देईन. जेवणाचं आईबायांशी बोललो, बचतगट आठवड्यातून त्या दोन दिवशी नववी-दहावीला भाकरी-भाजी करायला तयार आहे, ज्वारी आम्ही चार-पाच शेतकरी देतो. मुलगी यंदा गावातच राहील. दिवाळीला तिचे लेखी गुण बघून पुन्हा ठरवीन, पळसफूलताई, तुमचं म्हणणं मी विसरलेलो नाही. मुख्याध्यापक म्हणाले, त्या दोन मुली आणि जेसीबीवरचे दोघं ३० सप्टेंबरच्या आत आले तर नावं घालतो. मुलींचे बाप ऐकतील असं वाटतं. जेसीबीवाल्यांचे नाही, एकानं तर पोराच्या पगारावर कर्ज काढलंय.

बंडी
भाऊ, गाव कोन्तं ते मेसेज करा. मी गाडीवरच फिरत असतो, यवतमाळ रोजच होते. त्या पोट्ट्याच्या बापाशी मी बोलतो. मले कोनी सांगतलं नोयतं, याले सांगू.